रक्तातच समुद्र

हसणार नसाल तर सांगतो. मागे फ्रिस्कोच्या घरून व्हर्जिन आयलंड्सला फिरायला गेलो, सोबत नागपूरच्या सासूबाई. तिथे सेंट थॉमस बेटावरून शेजारच्या सेंट जॉन बेटावर जायचं, आणि त्या पहिल्यांदाच फेरीबोटीत बसत होत्या. मी पडलो मालवणचा! चढता चढताच लेक्चर सुरू केलं, "आई, घाबरू नका, नजर लांब ठेवा. आमच्या तर रक्तातच समुद्र आहे." वर त्यांच्या हातात आवळासुपारी कोंबली.

जरा वेळाने बोट डुलायला लागली. मी कठडा धरून सकाळचे पोहे माशांना वाढले. सासूबाईंनी पाठ चोळत तीच आवळासुपारी मला दिली.

मी कण्हत विचारलं, "आई, सेंट जॉन आलं का हो?"

"जावईबापू, अजून खलाशांनी बोटीचा दोरच सोडला नाही!"