संत्र्याच्या बागेची फिलीम

नाई नाई, तुह्या पोरीच्या, राखीच्या लग्नाचा मांडव माह्याकडूनच जाईन, हे काय इचारासारखं हाय? — बस ना बे हरीओम, उभा काहून राह्यला? त्या गादीवर नको, सकाळीच तिच्यातून इंचू निंगाला — हाहा, कसा उडाला पाय! इंद्रभानचाच पोरगा शोभतं. अबे इंचू-फिंचू काही नाई, बस. तुहा बापही असाच उडे. त्याच्या लग्नात मांडव माह्या अब्बाचा अन् माईक माह्या हातात — म्या पुकारलं, नवरदेव ऐन हळदीतून पळाला हो! तिकडं तुही माय भोकाड पसरून रडे, अन् हा गडी मांडवामागं बसून बुंदी खाये. आमा दोघाइचा बेत होता तो. पन नाव कोनाचं झालं? माहं. जमशेद थापाड्या. तवापासून म्या गावात ‘पानी आलं’ म्हनलं तरी लोकं आंधी नळ पायतात.

मंग त्या फिलमीचं सांगतो, आइक — नाई, राग कायचा? म्या तं इसरलो. माही नात नाजिश, अमरावतीले शिकते, ते म्हने आजोबा, फिलिस्तीनच्या, मंजे पॅलेस्टाईनच्या लोकाइची डाक्युमेंटरी हाय, आपल्या आंगनात दाखवू. म्या म्हनलं दाखव. मांडवाचं पांढरं कापड बांधलं, दऱ्या हातरल्या. तुहा बाप रस्त्यानं चालला होता. खरं सांगितलं असतं तं म्हनला असता, मले काय कराचं परदेशाचं, घरी सोयाबीन सुकून राह्यलं. मनून म्या म्हनलं, चाल बे, संत्र्याच्या बागेची फिलीम हाय, नवीन कलम दाखवनार हायेत. आला! पयल्या दरीवर मांडी घालून बसला, कलम पायाले. हाहा! — हो, ते थाप होती. तेवढी थाप म्या मारली, नाई कुठं म्हंतो?

पन पाच मिंटात त्याले समजलं. आंधळा हाय काय तो? तिथं संत्रं नोयतंच, जैतूनचे, ऑलिव म्हंतात ते झाडं होते. झाडाखाली ताडपत्री हातरून बायामानसं फळं पाडून राह्यले — तुहा बाप मले म्हने, जमशा, आपल्यासारखेच तोडतात रे. मंग तो म्हातारा आला. त्याचं वावर त्याच्या घरामागंच, पन मंधात कुंपन, अन् कुंपनाले फौजेचं फाटक. आपल्याच वावरात जायाले हा गडी चिठ्ठी हातात धरून उनात उभा, अन् नातवाच्या वयाचा शिपाई म्हनते, आज नाई. मंग एक दिवस वावरात गेला तं झाडं कापलेले. तो बुडखा कवटाळून बसला, नुसता हात फिरवे. म्या बाजूले पायलं तं तुह्या बापाचा दुपट्टा डोयाले. संपल्यावर नाजिशले काय म्हने, बेटा, तो म्हातारा अजून एकडाव दाखोव. लोकं उठून गेले. आमी दोघं बसलो, अन् तिनं आमाले तो म्हातारा पुन्यांदा दाखवला.

अन् दुसऱ्या दिवशी? तुले सांगाचं काय, तूच तं होता चौकात बापाच्या मांगं. राखीचे होनारे सोयरे कामरगावहून आलते ना? त्याइनं इचारलं, त्या मुसलमानाच्या आंगनात तसली फिलीम पायाले तुमी काहून गेलते? अन् तुहा बाप चार लोकाइत म्हनला — मले जमशेदनं फसवलं, संत्र्याची फिलीम सांगून नेलं, समजलं तसा मी उठून आलो. उठून आलो! — अन् सारा गाव हासला. म्हने, हो, जमशेदची सवयच हाय. एकानंही इचारलं नाई, का बाप्पा, खरं काय? कोनं इचाराव? थापाड्याची साक्ष कोन घेते? ते तुह्या बापाले बराबर मालूम होतं, माह्याच थापेच्या खुट्याले त्यानं आपली थाप बांधली.

मंग कोनंतरी खबर देल्ली — लोकाइले फसवून फिलमी दाखवतात. नाजिशले दुपारभर ठान्यात बसवलं. काय दाखवलं, कोनाले दाखवलं, फसवून काहून बोलावलं? त्या पोरीनं माहं नाव घेतलं नाई. तुह्या बापानं मांगून पुन्यांदा पायली, हेही सांगितलं नाई. दुसऱ्या गाडीनं अमरावतीले गेली. जाताना एवढंच म्हने — आजोबा, ते तुमचे दोस्त होते ना? अजून आली नाई.

राखीची सोयरीक मोडन मनून भेला तो. मले काय समजत नाई? राखी माह्या मांडीवर खेळली. अरे पन इचाराचं ना! खांद्यावर हात ठिवून म्हनाचं, जमशा, नातीसाठी एक खोटं बोलू दे — म्या सोता माईकवर पुकारलं असतं, का हो, म्याच फसवलं, इंद्रभान तं पाच मिंटात पळाला! मले काय जड होतं? जन्मभर तेच केलं. पन नाजिशचं नाव मंधात आलं नसतं. अन् त्यानं चोरून काहून केलं माह्यासंग? — जाऊ दे. राखीसाठी मखमलीची झालर आनली अकोल्याहून, तुमी सांगाच्या आंधीच. रोज संध्याकाळी दुकान उघडं ठिवतो, इंद्रभान येईन, मेढीचा मुहूर्त सांगाले येईन. तुमच्या घरची पयली मेढ कोन धरते? तो अन् मी. त्याच्या बहिनीच्या लग्नात, तुह्या लग्नात. तो एका हातानं, मी एका हातानं. तं कव्हा येनार हाय सांग तो? मुहूर्त कवाचा?

काय?

मोठ्यानं बोल बे, खाली पाहून काय बोलतं. — मांडव पाठवा. हो. — गडी पाठवा. हो. अन्? ... तुमी येऊ नका.

सोयरे असतील मनून. ...हा. बराबर हाय. हे तो म्हनला? इंद्रभान? त्याच्या तोंडानं?

हाहा — नाई, काही नाई. चांगली हाय. अशी थाप तं मलेही सुचली नसती.

मांडव येईन. झालर येईन. पोरीच्या लग्नात कमी पडाले नाई पाह्यजे. गडी मेढ रोवतील. राखीनं इचारलं, जमशेदआजोबा कुठं हाय, तं सांगजो बिमार हाय. सांगता येईन ना? येईन. तुमच्या घरी ते शिकवा लागत नाई.

आता जाय. — चहा नाई. जाय म्हनलं ना, हरीओम.