वेंडेलकाका आणि धुक्यातले चार दिवस

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या ग्रामपरिषदेच्या प्रमुख माननीय अनफेसाताई पेस्ट्रिकॉफ. व्यासपीठावर विराजमान असलेले आदरणीय फादर इनोकेंटी. आपल्या शाळेत नव्यानेच रुजू झालेल्या बाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे बोटी बांधून, जाळी वाळत टाकून इथे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. वेंडेल ओस्टगार्ड आणि बर्निसकाकू. आणि माझ्या बंधुभगिनींनो,

अनफेसाताईंनी मला सांगितलं, "लोरेन, दोन मिनिटं बोल, माशाचा पिरोक गार होतोय." ताई, दोन मिनिटांत होणार नाही. आधीच क्षमा मागते.

वेंडेलकाकांनी एकेचाळीस वर्षं या बेटावर बंदुका दुरुस्त केल्या. इथल्या कुठल्या घरात त्यांच्या हातून गेलेली बंदूक नाही? मला मात्र एकाच रायफलीबद्दल बोलायचं आहे. ही गोष्ट अकरा वर्षांत मी पूर्ण कुणाला सांगितली नाही. मॅक्स तिथे मागे बसलाय, त्याला माहीत आहे. तो आत्ताच मान खाली घालून बसलाय.

त्या वर्षी मी आणि माझा चुलतभाऊ मॅक्स उन्हाळाभर नदीवर साल्मन मोजायला जाणार होतो. नदीत आडवं कुंपण घालायचं, एका फटीतून मासे सोडायचे आणि मोजायचे. मासे तिथे अस्वलं, हे तुम्हाला सांगायला नको. राखणीला माझी अर्धस्वयंचलित रायफल. बाई, तुम्ही नव्या आहात म्हणून सांगते: गोळी सुटली की तिच्यामागच्या वायूचा थोडा जोर नळीखालच्या छिद्रातून येतो आणि बोल्टला, म्हणजे गोळीमागच्या सरकत्या लोखंडी दट्ट्याला, मागे ढकलतो. त्या धक्क्यात रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि पुढची गोळी आपोआप आत बसते. आपण फक्त चाप ओढायचा. सगळं नीट असेल तर.

माझं नीट नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या गोळीला पुंगळी बाहेर पडायच्या दारातच अडकायची. निघायच्या आठवडाभर आधी मी रायफल काकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिला हातही लावला नाही. मलाच विचारत बसले.

"कितव्या गोळीला अडकते?"

"कधी तिसऱ्या, कधी चौथ्या. नेम नाही."

"पाऊस होता? थंडी? बोटीत कशी ठेवतेस?"

"काका, मी रायफल आणलीय, की पेशंट?"

"पेशंट बरा. तो कुठे दुखतं ते सांगतो."

पाच दिवस ठेवून घेतली. उघडली, पुसली, जोडली, मागच्या टेकडीवर चाळीस गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. मी आनंदाने न्यायला गेले, तर यांचं तोंड उतरलेलं.

"नेऊ नकोस," म्हणाले.

"चाळीस गोळ्या गेल्या ना?"

"गेल्या. पण का गेल्या ते मला कळलेलं नाही. दोष सापडला नाही म्हणजे तो गेला असं नाही, पोरी. माझी जुनी, दर गोळीला बोल्ट हाताने ओढायची, ती घेऊन जा. मंद आहे, पण दगा देणार नाही."

मी ऐकलं का? बोट उभी होती, सामान चढलं होतं, आणि 'पोरी' म्हटल्याचा राग आला होता. मी चाळिशीची बाई. मी माझीच घेऊन गेले.

नवव्या दिवशी, सकाळी दहाचा सुमार. मॅक्स कंबरभर पाण्यात कुंपणाला लटकलेली लाकडं काढत होता. समोरच्या आल्डरच्या झुडपांतून अस्वलाची एक मादी आली, मागे दोन पिल्लं. ती आमच्याकडे बघत नव्हती. मग वारा फिरला आणि तिने बघितलं.

मी हवेत एक गोळी झाडली. ती थांबली नाही. मी पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. खाली बघितलं, तर पुंगळी बोल्टच्या दारात उभी अडकलेली.

भीती म्हणजे काय हे मला तोवर माहीत आहे असं वाटत होतं. वादळात सापडले होते, बर्फात रस्ता चुकले होते. पण हातात रायफल असून ती रायफल नाही, हे कळतं तेव्हाची भीती वेगळी. मी पुंगळी नखांनी ओढत राहिले, निघेना. मॅक्स पाण्यात नुसता उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. ते बघणं मला अजून विसरता येत नाही.

ती त्याच्यापासून दहा पावलांवर येऊन थांबली. पंजे आपटले, फुत्कार टाकला आणि वळून पिल्लांकडे गेली. धमकीच होती ती. पण तिला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

त्याच दुपारी धुकं उतरलं. चार दिवस विमान नाही, बोट नाही. दुसरी बंदूक नाही. मॅक्सकडे तिखटाच्या फवाऱ्याची एक डबी, वाऱ्याविरुद्ध मारली तर आपल्याच डोळ्यांत. मादी कुठे गेली नव्हती. धुक्यात दिसायची नाही, पण तिच्या पायाखालचे गोटे वाजायचे. कधी डावीकडे, कधी तंबूच्या मागे. आम्ही पाणी आणायलाही दोघं मिळून जायचो, पाठीला पाठ लावून. मी रायफल घेऊन चालायचे आणि मनात म्हणायचे, हिच्यातून सुटली तर एकच गोळी, एकच गोळी.

तिसऱ्या दिवशी तंबूतल्या बिनतारी रेडिओवर एकदाचं काकांचं दुकान लागलं. मी काकांना म्हणाले, "अडकली." ते काय म्हणाले असतील? 'सांगितलं होतं' म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते म्हणाले, "अडकली त्याच्या आधी कधी झाडलीस? ती पुंगळी कुठे पडली?"

"पोचल्यावर एक झाडून बघितली होती. पायाशी पडली."

"निरोगी असेल तर चार-पाच हात लांब फेकते. पायाशी पडली म्हणजे वायूचा दम कमी पडतोय. बोल्ट हाताने मागे ओढ. जड जातो?"

"नाही. लोण्यासारखा."

"म्हणजे घाण नाही, तेल गोठलेलं नाही. दम कुठेतरी गळतोय. नळीखालचं लाकूड काढून बघावं लागेल." मग म्हणाले, "आधी रिकामी कर."

त्या तीन शब्दांना मी काय घाबरले! सगळ्या गोळ्या काढून मॅक्सच्या टोपीत ठेवल्या. लाकूड काढलं. आतली बाजू काजळीने काळी.

"पुढच्या टोकाला वायू कोंडून धरणारा गोल नट आहे, तो बोटाने हलतो?"

हलला. नुसत्या बोटाने.

मी तसं सांगितलं. मग काका हळू म्हणाले, "मी उघडली तेव्हा सैल होता का, ते मी बघितलंच नाही. पुसून परत जोडताना सवयीने घट्ट केला, म्हणून चाळीस गेल्या. बोटीच्या हादऱ्याने परत सुटला. चूक माझी, लोरेन. काढ तो, पूस, परत बसव."

नट काढला आणि तेवढ्यात गोटे वाजले. मासे वाळवायच्या दांडीपाशी, तीस पावलांवर, धुक्यातून ती बाहेर आली.

मी रेडिओत कुजबुजले, "ती आलीय."

"नट कुठे आहे?"

"हातात. काका, मला तो दिसत नाहीये." खरंच दिसत नव्हता. डोळे उघडे होते आणि काही दिसत नव्हतं.

"दिसायची गरज नाही. तुझ्या रायफलीसारखीच एक मी मांडीवर घेतलीय, डोळे मिटलेत. आपण दोघं बसवू. नट टेकव. आधी उलटा फिरव, हळू. टक् लागेल."

"लागलं."

"माझंही लागलं. आता सुलटा. जोर नको. फिरतोय?"

"फिरतोय."

"पक्कड घे. शेवटचा पाव वेढा. आता गोळ्या भर. लाकूड राहू दे."

मॅक्सने टोपी पुढे केली. दोन गोळ्या खाली पडल्या, बाकीच्या मी भरल्या. ती डोकं खाली घालून निघाली होती. या खेपेला ती पंजे आपटायला थांबली नाही. मी तिच्यापुढच्या वाळूत गोळी झाडली. पुन्हा चाप ओढला, गेली. तिसरी, गेली. गोटे तिच्या तोंडावर उडाले. ती इतक्या जवळून वळली, की ओल्या केसांचा वास आला. मग धुकं आणि पळत्या पावलांचा आवाज. नटाला तार गुंडाळून मी लाकूड बसवलं, आणि मगच रडले.

गावात परत आल्यावर बर्निसकाकूंनी मला सांगितलं, की रेडिओ बंद केल्यावर हे दुकानामागे जाऊन ओकले. दोन दिवस कुणाची बंदूक हातात घेतली नाही. माझ्याशी बोलताना तो आवाज कसा होता? पीठ मळताना बोलावं तसा.

आता काका मुलीकडे ओरेगनला चाललेत. गेल्या महिन्यात त्यांनी मला दुकान चालवायला सांगितलं. गेली दहा वर्षं हिवाळ्यात मी त्यांच्या हाताखाली काम केलंय, तरी मी तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा खरं कारण सांगितलं. "मला भीती वाटते. मी परत दिलेली बंदूक घेऊन कुणीतरी त्या झुडपांपुढे उभं राहणार. मला झोप यायची नाही."

काका म्हणाले, "मलाही कुठे यायची? ज्याला भीती वाटत नाही, तो 'चालेल' म्हणून देऊन टाकतो. त्याच्या हातात मी किल्ली देणार नाही."

किल्ली माझ्या खिशात आहे. सोमवारी आठ वाजता दुकान उघडेन.

वेंडेलकाका, बर्निसकाकू, प्रवास सुखाचा होवो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, फादरनी घड्याळाकडे एकदाच बघितलं, आणि तुम्ही सर्वांनी भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर पदरात घ्या. बोलताना आवाज कापत होता, तेवढं मात्र सोडून द्या. तो सोमवारीही कापणार आहे.