गाडी वाजवून घेतली

टण्ण! असा आवाज आला पाहिजे म्हणायची माझी आई. नेकनूरच्या बाजारात माठ घ्यायचा तर आधी बोटातल्या चांदीच्या अंगठीनं चारी बाजूंनी वाजवायची. टण्ण आला तर घ्यायचा. भद्द आला तर कुंभारानं कितीबी शपथा घेऊ द्या, खाली ठेवायचा. आई गेली, अंगठी माझ्या बोटात आली, तो टण्ण अजून कानात हाय... मग मला सांगा, न्यूझीलंडात भाड्याची गाडी घेताना मी ती वाजवून बघितली तर माझं चुकलं काय?

आमचा युवराज तिकडं म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला हाय. लोकांच्या आईबापांना आंघोळ घालतो, जेवू घालतो. त्यातून शिल्लक टाकून त्यानं मला चकलांब्याहून बोलावून घेतलं. म्हणला, "आबा, जल्मभर मेंढरं राखलीत, आता इथली मेंढरं बघा. गाडी भाड्यानं घेऊ, हिंडू." मी म्हणलं, घे. मला काय ठाव, तिकडं गाडीचं भाडं म्हणजे नुसतं गाडीचं भाडं नसतंय!

विमानतळावरच दुकान. काउंटरवर एक पोरगी, तुमाला सांगतो, इतकी गोड हसली की मी लगेच युवराजला म्हणलं, "ह्यात काहीतरी गोम हाय." ती बोलायची, युवराज मला सांगायचा. रोजाचं भाडं इतकं. बरं. गाडी उभी राहिली तरी? तरीबी. आपण झोपलो तरी? तरीबी, आबा! आता बैल भाड्यानं आणला तर त्याच्या झोपेचं कुणी पैसे घेतंय का? पुढं काय, तर विमानतळावर घेतली म्हणून जादा. अहो, विमान जिथं उतरलं तिथंच घेणार ना, का आधी शेतात उतरायचं? मग ती माझ्याकडं बघून म्हणती, "सेकंड ड्रायव्हर?" म्हणजे मीबी चालवणार असलो तर आणखी जादा! मी सायकलवरबी डबल सीट बसणारा माणूस. अन् कच्च्या रस्त्यावर गाडी घालायची न्हाई म्हणे. म्हणजे आमच्या वस्तीवर आणली असती तर घरीच नेता आली नसती!

एक गोष्ट पटली. पेट्रोलनं पोट भरून देणार, पोट भरून परत करायची. जनावराचंबी आमी तसंच करतो. पर लगेच ती अनामतीवर आली. युवराजच्या कार्डावर भलीमोठी रक्कम अडवून ठेवणार. "घेतली का?" "न्हाई आबा, अडवली." "मग तुला खर्चता येती का?" "न्हाई." "मग तिला?" "तिलाबी न्हाई." आता घेतली न्हाई, ठेवली न्हाई, मग ती हाय कुठं? आश्रमात लोकांची अंगं पुसून जमवलेली रक्कम माझ्या लेकाची! मी त्याच्या कानात म्हणलं, "गाडीवर एक ओरखडा दाखवतील अन् समदी गिळतील. गोम हाय."

त्यावर पोरगी म्हणती, विमा घ्या. अहो, विमा तर आधीच धरलेला व्हता! मग हा कशाचा? तर पहिल्या विम्यातबी थोडं नुकसान आपल्याच अंगावर येतंय, त्याच्यासाठी हा दुसरा. विम्याचा विमा! उद्या त्याला ताप आला म्हणजे तिसरा! मी बजावलं, "युवराज, घेऊ नको." तो म्हणला, "बरं." मान खाली घालून कागदावर सह्या करत बसला.

मी बाहेर आलो. गाडी उभी. पांढरी, चकचकीत... इतकी चकचकीत कावून? काय झाकलंय? मग लागलो वाजवायला. दारं, पाठ, टप, पुढचं झाकण, समदीकडून. टण्ण न्हाईच! भद्द, भद्द, भद्द! पत्रा म्हणजे नुसता पापड! युवराज बाहेर आला, "आबा, काय करताय?" "वाजवून घेतोय. पक्की न्हाई ही." त्यानं गाडीकडं बघितलं. माझ्या बोटाकडं बघितलं. म्हणला, "थांबा, माझा चष्मा आत राहिला." अन् परत आत गेला. आता चष्मा तर त्याच्या नाकावर व्हता... पर माझं ध्यान गाडीकडं.

हिंडलो. डोंगरच्या डोंगर मेंढरांनी पांढरे! युवराज म्हणायचा, "आबा, खाली उतरा, जवळून बघा की." मी म्हणायचो, "तू बघून ये, मी गाडीपाशी थांबतो." कुणी ओरखडा मारला म्हणजे? त्याची रक्कम अडकलेली! त्यो बिचारा एकटाच जायचा, एकटाच परत यायचा. मेंढरं मला लांबून दिसली. तुमाला सांगतो, गुबगुबीत व्हती.

परत करायला गेलो तर यंत्र घेऊन एक उंच गडी आला. गाडीभोवती फिरला. वाकला. बोट फिरवलं. पुढं सरकला, परत वाकला. मी युवराजला चिमटा काढला, "बघ, सुरू झालं. म्हणलं व्हतं ना, गोम हाय!" गड्यानं जागोजागचे टवके दाखवले. दारावर, पाठीवर, टपावर, झाकणावर. समदे सारखे. बारके. गोल.

मी हात खिशात घातला.

गडी आभाळाकडं बोट करून विचारतो, "हेल?" म्हणजे गारा पडल्या का. युवराज म्हणला, "नो. फादर."

गड्यानं यंत्रात बघितलं, हसला अन् म्हणला, दुसरा विमा घेतलेला हाय, एक पैसा कापायचा न्हाई, रक्कम समदी मोकळी. अन् नुकसानीचं कारण म्हणून यंत्रात "फादर" असं लिहून घेतलं. म्हणजे आपल्या तालुक्यात मला कुणी वळखत न्हाई, पर तिकडं गारपिटीच्या शेजारी माझी नोंद हाय!

मी हळूच विचारलं, "युवराज, तू चष्मा आणायला गेलतास, तवाच घेतलास व्हय रं विमा?"

त्यानं माझी पिशवी आपल्या खांद्याला लावली अन् बसथांब्याकडं चालू लागला.