ऐकू येईल असं बोल

मास्तर : चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलोय मी, बाई. माझ्या कानांना काही झालेलं नाही. झालंय ते तुमच्या पिढीच्या जिभेला. अर्धा शब्द गिळायचा, अर्धा नाकातून सोडायचा, आणि मधे 'म्हणजे ना', 'लाइक', 'अ‍ॅक्च्युअली' पेरत जायचं. ही नात हट्टाला पेटली म्हणून आलो, नाहीतर कान तपासायला येणाऱ्यातला मी नव्हे.

तपासणारी : आजोबा, बीप ऐकू आली की बटण दाबायचं होतं. तुम्ही कितीतरी वेळ दाबलंच नाहीत.

मास्तर : काय?

नात : बटण. दाबलं. नाही. तुम्ही.

मास्तर : वाजलंच नाही तर दाबू काय? पण पाहिलंत, हिचं कसं स्वच्छ कळतं. शब्द न् शब्द सुटा. हीसुद्धा लहानपणी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. मी वळण लावलं.

तपासणारी : आता मशीन कानात बसवते हं. थोडं गार लागेल.

मास्तर : काय म्हणते ही?

नात : गार. लागेल. कानाला.

मास्तर : मग तसं म्हणावं की माणसानं.

तपासणारी : आवाज अजून सुरू केलेला नाही. इथून कॉम्प्युटरवरून हळूहळू वाढवत नेते, एकदम सोडला तर दचकतात. तोवर आपण दोघी साधं बोलत राहू. ऐकू आलं की तेच सांगतील. बोल काहीही.

नात : काहीही म्हणजे... अ‍ॅक्च्युअली मला ना, विचारायचंच होतं. याने फोनवरचं कळेल ना त्यांना? कारण मी सोमवारी चाललेय, नोकरी लागलीय, लांब आहे तसं. इथे लाइक, मी हात करते, ओठ दाखवते. फोनवर काय दाखवणार?

तपासणारी : अगंबाई, तू अशी पण बोलतेस? मघापासून मला वाटलं, तू स्टेशनवर घोषणा करतेस की काय.

नात : ते फक्त त्यांच्याशी.

मास्तर : काय खुसुरफुसुर चाललीय दोघींची?

नात : काही. नाही. आजोबा.

तपासणारी : हा त्यांचा आलेख बघ. जाड आवाज अजून ठीक आहेत, बारीक सगळे गेलेत. 'स' गेला, 'श' गेला. लहान मुलं, बायका, यांचे आवाज आधी जातात. मग वाटतं, समोरचाच नीट बोलत नाही. रोज एक तरी येतो इथे, आजकालच्या पोरांच्या नावानं खडे फोडत. थांब, एक पायरी वाढवते.

नात : किती वर्षं झाली असतील याला?

तपासणारी : इतकं उतरायला? दहा-बारा तरी.

नात : दहा-बारा?

तपासणारी : का गं?

नात : नाही, म्हणजे... मी ना पाचवीत होते. शाळेत कवितापाठाची स्पर्धा होती आणि परीक्षक हेच. माझी दोन कडवी झाली आणि यांनी घंटी मारली. म्हणाले, ऐकू येत नाही, खाली बस. सगळ्यांसमोर. शेवटच्या रांगेतली मैत्रीण सांगत होती, मला सगळं ऐकू आलं. मला वाटलं, माझं मन राखायला खोटं बोलतेय. मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

तपासणारी : अजून एक पायरी. हं, मग?

नात : मग मी पेन्सिल दातांत धरून वाचायचे. रोज, बाथरूममध्ये, नळ सोडून, कुणाला कळू नये म्हणून. पेन्सिलींवर सगळे दात उमटलेले असायचे. आई म्हणायची, घरात उंदीर झालेत. वर्षभरानं जमलं ना पण. एक शब्द, थांबायचं, मग पुढचा. फक्त तसं बोलून ना, मोठं काही सांगताच येत नाही. औषध घ्या, दार लावा, पाणी तापलंय, एवढंच. बाकीचं आपोआप बंद झालं. त्यांना वाटतं, मी सुधारले.

तपासणारी : कधी सांगितलं नाहीस त्यांना?

नात : कसं सांगणार? केवढं लांब वाक्य लागलं असतं.

मास्तर : नळ मी बंद करायला लावायचो.

नात : काय?

मास्तर : बाथरूमचा नळ. टाकी रिकामी व्हायची. मी दारावर थापा मारायचो, पाण्याची नासाडी करतेस म्हणून. तू आत वाचत होतीस?

तपासणारी : आजोबा, केव्हापासून ऐकू येतंय तुम्हाला?

मास्तर : आधी पंखा आला. एवढा आवाज करतो होय तो? मग ही आली. घंटीपासून पुढचं सगळं ऐकलं. किती बारीक आवाज आहे गं तुझा. तुझ्या आजीचा होता तसा. मला वाटत होतं, जाडा आहे.

नात : ठीक. आहे. आजोबा.

मास्तर : ठीक काय, कप्पाळ! त्या वर्षी तिन्ही बक्षिसं मी आवाज फुटलेल्या थोराड पोरांना दिली. तुला खाली बसवलं तेव्हा वाटलं, घरच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. पण ऐकू खरंच आलं नव्हतं गं. शप्पथ नव्हतं आलं.

तपासणारी : मी जरा बाहेर थांबते हं.

मास्तर : सोमवारी चाललीस एवढंच कळलंय मला, तेही तुझ्या आईनं कागदावर लिहून दाखवलं म्हणून. काम काय, राहणार कुठे, जेवणाचं काय, मला काही माहीत नाही. सांग ना. आत्ता तिच्याशी बोलत होतीस तशी बोल. हवे तेवढे 'लाइक' घाल, शब्द गिळ, मी हूं की चूं करणार नाही. चुकलं माझं. तू फक्त बोल.

(नात खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसते, ओठ दिसतील अशी.)

नात : सोमवारी. सकाळी. सातची. गाडी.

मास्तर : तशी नको गं, बाळा. आता येतंय मला ऐकू.

नात : मला. तुमच्याशी. तसं. येत. नाही. आजोबा.