शैलाताईंनी भरली समुद्राची ओटी

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. माणूस जत्रेत हरवतो, स्टँडवर हरवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण अगदी आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस — तो हरवतो का हो? माना हलवताय! नाही म्हणताय! बरं. मग चला माझ्याबरोबर जहाजावर.

बार्शीच्या चार मैत्रिणी. शैलाताई, उज्ज्वला, पुष्पा आणि कुंदा. चौघींची साठी उलटलेली. शैलाताई महिला मंडळाच्या अध्यक्ष — म्हणजे चौघींत बोलायचं काम त्यांचं आणि ऐकायचं काम तिघींचं! घरदार, नातवंडांचे डबे, सगळं सुनांवर सोपवून चौघी मुंबईला गेल्या आणि लक्षद्वीपच्या भल्यामोठ्या जहाजात बसल्या. शैलाताई आणि कुंदा एका खोलीत. खोलीचं दार कार्डानं उघडायचं. दोन्ही कार्डं शैलाताईंनी आपल्या पर्समध्ये टाकली. का? तर कुंदा वेंधळी, ती हरवील!

दुसरा दिवस नुसता पाण्यावरचा. बंदर नाही, गाव नाही, काम नाही. खायचं आणि लोळायचं! त्या दिवशी नेमकी संकष्टी. पण शैलाताईंनी सकाळीच निकाल देऊन टाकला, की समुद्रावर उपास लागत नाही. हसू नका, तुमच्यातही असे शास्त्री बसलेत! डोसा, केक, आइस्क्रीम, ताटं भरभरून झाली. मग वरच्या डेकवर आरामखुर्च्या, गार वारा, आणि फोटो. फोटो कोण काढतंय? कुंदा. थोड्या वेळानं ती म्हणाली, "शैले, कार्ड दे गं. जरा पडते खोलीत."

"पडायला बार्शी काय वाईट होती?" शैलाताई म्हणाल्या. "आधी आमचा तिघींचा एक काढ."

कुंदानं काढला. मोबाइल पुष्पाच्या हातात दिला आणि उठून कुठंतरी गेली. कुठं गेली? कोण विचारतंय!

आता शैलाताईंच्या मनात एक बेत होता. नदीची ओटी आपण भरतोच. मग एवढा समुद्र ओलांडायचा आणि त्याला रिकामं ठेवायचं? अहो, समुद्राला नारळ देतात, त्याची ओटी कोण भरतं! पण अध्यक्षांना सांगणार कोण? कोरी हिरवी साडी, तिच्यात नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, असं गाठोडं त्यांनी घरूनच आणलं होतं. जहाजावरून काही टाकायचं नाही, असं बजावून सांगितलेलं. म्हणून बाई पिशवी घेऊन एकट्याच मागच्या टोकाला गेल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हात जोडले — आणि दिलं सोडून!

वाऱ्यानं गाठ सुटली. साडी फडफडत उघडली आणि धप्पकन पाण्यात पडली. वरच्या मजल्यावरून एक बाई किंचाळली, "औरत गिर गयी!"

थांबवा, दगडूबुवा. पखवाज थांबवा. इथं पखवाज नको.

भोंगा झाला. एवढं मोठं जहाज, ते थांबलं आणि वळायला लागलं. होड्या पाण्यात उतरल्या. सगळ्यांनी कार्ड घेऊन खाली जमायचं, माणसं मोजायची आहेत. शैलाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं? बोलले तर बार्शीपर्यंत शोभा! गप्प बसते. माणसं मोजतील, सगळी भरतील, आपण सुटलो.

अधिकारी समोर आला. शैलाताईंनी पर्स उघडली, कार्ड काढलं. त्याच्याबरोबर दुसरं कार्ड हाताला लागलं. कुंदाचं.

कुंदा कुठाय?

उज्ज्वलाला वाटलं पुष्पाबरोबर आहे, पुष्पाला वाटलं खोलीत आहे. अधिकाऱ्यानं विचारलं, बाईंच्या अंगावर काय होतं? हिरवी साडी होती का? मंडळी, सकाळपासून चौघी एकत्र! उज्ज्वला म्हणते पिवळी, पुष्पा म्हणते ड्रेस असेल. फोटो तरी दाखवा म्हणाला. मोबाइल उघडले, बोटं फिरवली. एकाही फोटोत कुंदा नाही! दोघी हंबरडा फोडून रडायला लागल्या.

आणि शैलाताई? अख्ख्या जहाजात त्यांना एकटीला ठाऊक होतं, की पाण्यात कुणी नाही. सगळे डोळे समुद्रावर. म्हणजे कुंदा जिथं असेल तिथं तिला कुणीच शोधत नाहीये — आणि ते केवळ आपण गप्प आहोत म्हणून! मनात नको नको ते आलं. मग शेकडो माणसांसमोर त्या अध्यक्षबाई मोठ्यानं बोलल्या.

"पाण्यात कुणी नाही. ती साडी माझी. मी टाकली. कुंदाला जहाजात शोधा. तिनं खोलीत जायला कार्ड मागितलं होतं, मी दिलं नाही."

धावाधाव झाली. खालच्या नाटकाच्या हॉलमध्ये, संध्याकाळपर्यंत अंधारच असतो तिथं, खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये कुंदा पडलेली सापडली. घामानं भिजलेली, शुद्ध नाही. साखरेचा आजार. सकाळची गोळी घेतली होती, आणि पोटात? काही नाही! तिनं संकष्टी धरली होती. चौघी एका टेबलावर बसल्या, पण तिच्या ताटात काय आहे हे एकीनंही बघितलं नाही! डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या.

सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं कुंदानं डोळे उघडले. उशाशी शैलाताई. कुंदा काय म्हणाली असेल? रागावली असेल? भांडली असेल?

"माझ्यामुळं जहाज थांबलं का गं, शैले? तुमचा दिवस फुकट घालवला मी."

कुंदाचा हात धरून शैलाताई लहान मुलीसारख्या रडल्या.

मंडळी, आता चिडीचूप झालात. मघाशी माना हलवत होतात ना? सांगा मग. तुमच्या शेजारी जी बसलीय, किंवा तुम्ही इथं यावं म्हणून जी घरी थांबलीय — ती आज काय जेवली? बघा, कुणाचा हात वर नाही!

मी आता गजर धरणार नाही. टाळ खाली ठेवा. शेजारी असेल तिला विचारा, घरी असेल तिला फोन लावा. विचारा, जेवलीस का. देव थांबेल. उत्तर आलं, की मग वाजवा टाळी.