बगल वीतभर, गोधडी दोघांची

...आणि वर मलाच ऐकवते, "घरच्या घरी होईल म्हणाला होतात ना?" म्हणालो होतो! पण तुम्हाला सांगतो, शिवणयंत्राची बगल, म्हणजे सुई आणि खांबामधली फट, असते वीतभर, गोधडी असते दोन माणसांची, आणि ती गुंडाळून त्या बगलेतून पलीकडे सारायची म्हणजे... पोस्टाच्या पेटीत गादी टाकून पाहा एकदा! उजवीकडून ढकलावी तर डावीकडे घसरते, डावीकडे सावरावी तर मागची गुंडाळी टेबलावरून खाली, त्या ओझ्याने सुई वाकते, आणि पायाखालचं पेडल मात्र सुसाट. जन्म कचेरीत गेला हो माझा. टाचणीपलीकडे टोकदार वस्तू हाताळलेली नाही.

पण करतो काय? मध्यंतरी हिला अर्धांगाचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, जीभ तर व्याजासकट सावरली, उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. गोधडीचे तुकडे तिने आधीच जोडलेले; वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर यांच्यातून टिपा मारायच्या, एवढंच उरलेलं. सूनबाई म्हणाली, दुकानात देऊ या, मोठ्या यंत्रावर दुपारभरात होतं. तर ही हळूच म्हणाली, "म्हणजे हात गेला, असंच धरून चालायचं ना?"

चिरंजीव खिडकीबाहेर बघायला लागले, सूनबाईला गॅसवरचं दूध आठवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिवतो. त्यात काय, घरच्या घरी होईल!"

बसलो. सुरुवात केली वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. का? अहो, उभ्या आयुष्यात प्रत्येक कागद तिथूनच सुरू केला! गोधडी मधून बाहेर शिवत जातात, हे मला कुठल्या साहेबाने सांगितलं होतं? सगळं कापड सरकत सरकत मध्ये येऊन फुगलं, आणि खालचं अस्तर दुमडून आपलं आपल्यालाच शिवलं गेलं. हिने येऊन पाहिलं. "आत मांजर राहिलंय का हो?"

मग उसवणं आलं. मी दोरा धरून खेचायला लागलो, तशी ही कळवळली. "फाडाल! आणा इकडे."

आता ऐका. हिला व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. रबरी चेंडू देते, म्हणते, "आजी, दाबा." ही म्हणते, "मी काय कुकुलं बाळ आहे?" आणि चेंडू जातो कपाटाखाली, तो मी ओणवा होऊन काढायचा. पण त्या दुपारी हिने डाव्या हातात उसवायचा चाकू घेतला, आणि कापड सरकू नये म्हणून... उजवा हात वर आला. बोटांनी काठ धरला. ओझरता, पण धरला! मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. उलटं होतं ते.

व्यायामवाल्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, जे चाललंय ते चालू द्या.

म्हणून आता मी सकाळी शिवतो, ही दुपारी उसवते. रोज धरतात बोटं असं नाही हं. कधीकधी नाहीच धरत. मग ती गोधडी बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून पडते, आणि मी टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत बसतो, कारण दुसरं काय करायचं असतं? चिरंजीव विचारतात, "बाबा, थंडी संपायच्या आत होईल का?" होईल म्हटलं, घरच्या घरी होईल! हिला संशय यावा, तर तोही नाही. "मुद्दाम शिवायचं म्हटलं तरी एवढं वाकडं कोणाला जमायचं नाही," म्हणते.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. आज सकाळी एक टीप सरळ आली. मधून निघाली ती थेट काठापर्यंत, एक सुरकुती नाही! आयुष्यात पहिल्यांदा हाताने काहीतरी धड केलं, म्हटलं हाक मारावी...

ही न्हाणीघरातून बाहेर यायच्या आत ती टीप उसवली, आणि वाकडी घातली.