ग्रहण सुटल्यावरचं पाणी

डाळजच्या थांब्यावर आम्ही पुण्याच्या यष्टीची वाट बघत होतो. माझ्यापुढं तेलाचा रिकामा डबा घेतलेला एक शेतकरी उभा होता आणि त्याला सोडायला आलेली त्याची बायको.

“मुंबईपास्नं खांद्यावर आणलेलं समिंदराचं पाणी वतून दिलंस तू, मुक्ते!”

“परवा गिरान सुटलं. घरातलं समदं शिळं पाणी वतायचंच असतंय. रांजण वतला, हंडं वतलं, तशी बरणीबी वतली.”

“बरणीत माशे व्हते माझे!”

“त्यास्नी हिरीच्या ताज्या पाण्यात सोडलं की.”

“समिंदराचा मासा गोड्या पाण्यात जगतोय व्हय? काचेची पेटी परवडंना म्हणून गोळ्यांची बरणी आणली, सायकलच्या पंपानं वारा घातला, आन् तू एका दिसात मारलंस! दुधावर तुळशीचं पान ठिवलंस, लोणच्यावर ठिवलंस. माझ्या बरणीवर एक पान ठिवलं असतंस, तर पाणी वतावं लागलं नसतं.”

“ध्यानात आलं न्हाय.”

“आता पुन्यांदा मुंबई गाठायची, पुन्यांदा एवढं वझं आणायचं. पाणी वाहून आणायचं म्हंजी काय असतंय, ठावं हाय का तुला?”

“मला इचारताय? लगीन झाल्यापास्नं हिरीवरनं एक घागर तरी आणली का तुमी? रांजण अजून निम्मा रिकामा हाय. द्या तो डबा इकडं, न्हायतर चला हिरीवर!”

“अगं, गाडी आली!”

“जाऊ द्या गाडी. घरातली माणसंबी पाण्यावरच जगत्यात.”